रंगाआधी फटी: जुन्या गाडीचे पत्रे कसे जुळवावेत

दरवाजा आणि त्याच्या मागचा पत्रा यांच्यामधली फट वर तीन मिलिमीटर आणि खाली सात असेल, तर कितीही भारी रंग मारा, गाडी वाकडीच दिसते. चकचकीत रंगात तर जास्तच दिसते, कारण पत्र्यावरून सरकणारी उजेडाची रेघ त्या फटीपाशी तुटते आणि पलीकडे थोडी खाली-वर होऊन पुन्हा सुरू होते. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

या कामात बहुतेकांचा वेळ एका समजुतीपायी जातो. फट जिथे बिघडलेली दिसते तिथेच दोष असणार असं धरून माणूस तिथली कड ठोकायला, घासायला नाहीतर लांबी (पुट्टी) भरायला लागतो. खरा दोष बहुधा हातभर लांब असतो: झिजलेल्या बिजागरीत, दबून सपाट झालेल्या रबरी पॅडमध्ये, दरवाजाखालच्या गंजलेल्या पेटीत, म्हणजे सिलमध्ये, किंवा थेट खालच्या सांगाड्यात, म्हणजे चेसिसमध्ये. म्हणून क्रम पाळावा लागतो. जे हलत नाही तिथून सुरुवात करायची आणि जे सहज हलतं ते शेवटी ठेवायचं.

दुसरा धडा मला महागात पडला. माझ्या पहिल्या गाडीचे दरवाजे मी नुसत्या पत्र्यावर जुळवले होते. काच नाही, लॉक नाही, रबर नाही. फटी सुरेख आल्या, रंगही झाला. मग दरवाजात काच आणि ती वरखाली करणारी यंत्रणा बसवली, चौकटीला नवं रबर लावलं, आणि डाव्या दरवाजाचा मागचा खालचा कोपरा पेन्सिलीच्या जाडीइतका बाहेर राहिला. बिजागरी सैल करताना पाना निसटून ताज्या रंगाला लागला. शेवटी तो दरवाजा आणि त्याच्या मागचा अख्खा पत्रा पुन्हा घासून रंगवावा लागला. तेव्हापासून रंगाआधी गाडी एकदा पूर्ण जोडतो, रस्त्यावर उभी राहणार असते अगदी तशी. पुढची सगळी पद्धत याच सवयीतून आली आहे.

उघडण्याआधी मोजणी

गाडी सुटी करायची घाई सगळ्यांनाच असते, पण त्याआधी एक दिवस मोजमापाला द्या. प्रत्येक फट निदान चार ठिकाणी मोजा आणि आकडा तिथेच मास्किंग टेप चिकटवून त्यावर लिहा. मग फोटो काढा. मोजायला खास साधन लागत नाही. ३, ४, ५ आणि ६ मिलिमीटरचे ड्रिल बिट घ्या आणि त्यांचा मागचा गुळगुळीत दांडा फटीत सरकवून बघा. ४ चा आत जातो आणि ५ चा अडतो, म्हणजे फट त्या दोन्हींच्या मधली.

किती फट असावी? कारागीर सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर. जुन्या गाड्यांच्या दरवाजांना दीड सुताच्या आसपास, म्हणजे ४ ते ५ मिलिमीटर फट शोभते. काही मोठ्या गाड्यांना कारखान्यातूनच याहून जास्त असायची. पण आकड्यापेक्षा सारखेपणाला जास्त महत्त्व द्या. वरपासून खालपर्यंत एकसारखी साडेपाचची फट डोळ्यांना बरी वाटते. वर तीन आणि खाली पाच असली की ती लगेच पकडली जाते.

सोडताना बिजागऱ्यांखाली, मडगार्डच्या बोल्टांखाली, बॉडीच्या पॅडखाली पातळ चकत्या सापडतील. त्यांना शिम म्हणतात. प्रत्येक जागेच्या शिम मोजून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर जागेचं नाव लिहा. त्या चकत्या गाडीचा इतिहासही सांगतात. डाव्या मडगार्डखाली एकच शिम आणि उजव्याखाली चार असतील, तर उजव्या बाजूला कधीतरी मार बसला आहे आणि कुणीतरी शिम भरून तो झाकला आहे, असं धरून तपासायला लागा.

गाडी कशावर उभी आहे

दोन प्रकारच्या गाड्यांत इथे मोठा फरक आहे. जुन्या गाड्यांत जाड चेसिस वेगळी आणि तिच्यावर रबरी पॅडांवर बसवलेली बॉडी वेगळी. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत बॉडी हीच चेसिस, सगळा भार पत्र्याच्या पेट्यांवर.

चेसिस वेगळी असेल तर आधी तिची तपासणी. गाडी सपाट जागी, सारख्या उंचीच्या स्टँडवर घ्या. चेसिसवरची दोन्ही बाजूंना सारख्या जागी असलेली भोकं निवडा, प्रत्येकातून ओळंबा सोडा आणि तो जमिनीला टेकतो तिथे खडूनं फुली मारा. मग गाडी स्टँडवरून चाकांवर उतरवून बाजूला ढकला आणि फुल्यांमधलं तिरकं अंतर मोजा, डाव्या पुढच्यापासून उजव्या मागच्यापर्यंत आणि उलट. दोन्ही तिरकी मापं ३ मिलिमीटरच्या आत जुळली तर पुढे जा. जास्त फरक असेल तर चेसिस सरळ करण्याच्या साच्यावर गेल्याशिवाय वरच्या कुठल्याही पत्र्याला हात लावण्यात अर्थ नाही.

त्यानंतर पॅड. चाळीस-पन्नास वर्षांचं रबर दबून निम्मं झालेलं असतं आणि प्रत्येक जागी वेगळं दबलेलं असतं. पॅड बदलायचेच तर सगळे एकदम बदला. इथे बॉडी कशी वाकते ते समजून घेतलं तर पुढची निम्मी कामं सोपी होतात. बॉडीचा मधला भाग, म्हणजे दरवाजाखालचा, खाली बसला की पुढचा आणि मागचा खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात आणि दरवाजाची फट वर आवळते. मध्यभागी शिम घालून बॉडी उचलली की खांब वर फाकतात आणि फट वर मोकळी होते. म्हणजे फट वर अरुंद असेल तर मधल्या पॅडखाली शिम, आणि वर रुंद असेल तर मधली शिम काढा किंवा टोकांना घाला. एकेक मिलिमीटरनं बदला, दर वेळी बोल्ट पूर्ण आवळा आणि मगच मोजा. सैल बोल्टांवर घेतलेलं माप फसवं असतं.

बॉडीच चेसिस असलेल्या गाडीत सगळं सिलवर येतं. सिल म्हणजे दरवाजाखाली पुढून मागे जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. ती आतून गंजते, आणि ती कापून नवी बसवताना गाडी मधोमध वाकते. टप नसलेल्या उघड्या गाडीत हा धोका फार मोठा. १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी हे त्याचं नेहमीचं उदाहरण आहे: उघड्या गाडीला वरून टपाचा आधार नाही, त्यामुळे मजबुती सगळी खालून येते आणि त्यात सिलचा वाटा मोठा. अशा गाडीचे सिल आधाराशिवाय कापले की दरवाजा उघडेनासा होतो, आणि तसंच वेल्डिंग झालं तर ती वाकलेली अवस्था कायमची पक्की होते.

म्हणून कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत चौकोनी पाइपाचा आधार वेल्ड करा, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, एक वर आणि एक खाली. एका वेळी एकच बाजू घ्या. गाडीचा भार सस्पेन्शनच्या जागांवर असू द्या. मध्ये जॅक लावून उचललेल्या गाडीवर सिल बसवला तर गाडी खाली उतरवताच सगळी मापं बदलतात. नवा सिल आधी वेल्डिंगच्या नुसत्या टाक्यांवर धरा, आधार काढून दरवाजा लटकवा, फट बघा, गरज असेल तर टाके तोडून सिल सरकवा. दरवाजा मनासारखा बसल्यावर आधार परत लावूनच पूर्ण वेल्डिंग करा. दरवाजा हेच इथलं सगळ्यात खात्रीचं मापयंत्र आहे. तो कोपऱ्यात टेकवून ठेवायचा आणि सिल अंदाजानं बसवायचा, हे कधीच करू नका.

लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेल्या जुन्या गाड्यांत खांबाच्या लाकडाचे सांधे आधी हलवून बघा. सांधा सैल असेल तर बिजागरीच्या कुठल्याच कसरतीनं दरवाजा टिकत नाही. तिथे पहिलं काम सुताराचं.

बिजागऱ्या

दरवाजा अर्धा उघडा. मागच्या टोकाला खालून दोन्ही हात लावून हलकेच वर उचला आणि सोडा. नजर बिजागरीच्या खिळीवर ठेवा. खिळी आणि ती ज्यात फिरते ती नळी, म्हणजे बुश, यांच्यात जरासाही खेळ असेल तर तो दिसतो, आणि "टक" असा आवाजही येतो. हा खेळ लहान वाटला तरी दरवाजाच्या टोकाला मोठा होऊन पोचतो. दोन बिजागऱ्यांमध्ये ४०० मिलिमीटर अंतर आहे आणि दरवाजा १००० मिलिमीटर लांब आहे असं धरा. वरच्या बिजागरीत १ मिलिमीटर खेळ असेल तर मागचं टोक अडीच मिलिमीटर खाली येतं. खाली बसलेला दरवाजा बिजागरी सरकवून वर घेतला, तर झिजलेली खिळी तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत दरवाजा पुन्हा लोंबतो. आधी खिळ्या आणि बुश नवे घाला, जुळवणी मग.

जुने कारागीर बिजागरीत लाकडाचा तुकडा अडकवून दरवाजा दाबायचे आणि बिजागरी वाकवून जागेवर आणायचे. घडीव पोलादाची बिजागरी ते सोसते. ओतीव असेल तर ती वाकत नाही, तुटते. कोणती आहे हे नक्की माहीत नसेल तर हा उपाय करू नका.

खांबाच्या आत बऱ्याचदा आटे पाडलेली एक सुटी पट्टी असते. बोल्ट सैल केले की ती आतल्या आत सरकते आणि त्यामुळेच बिजागरी हलवता येते. गंज किंवा जुन्या रंगानं ती चिकटलेली असेल तर बोल्ट सैल होऊनही बिजागरी जागची हलत नाही. तेल सोडून एक रात्र थांबा, आट्यांत टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवून घ्या. इथे जोर लावला आणि पट्टीचा पिंजरा तुटला, तर पट्टी खांबाच्या आत पडते आणि ती काढायला खांब कापावा लागतो.

दरवाजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझे एका दरवाजाला दोन दिवस सहज जातात आणि त्याचं मला काही वाटत नाही.

सुरुवात मागून. मागचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला असतो, तो हलणार नाही, म्हणून दरवाजा त्याच्याशी जुळवायचा. चार दरवाजे असतील तर मागचा दरवाजा मागच्या पत्र्याशी, मग पुढचा दरवाजा मागच्या दरवाजाशी. पुढचं मडगार्ड बोल्टांवर असेल तर दरवाजाच्या पुढच्या फटीकडे सध्या बघूच नका. ती पुढे मडगार्ड सरकवून मिळते. मडगार्ड वेल्ड केलेलं असेल तर मात्र पुढची आणि मागची फट दोन्हींत तडजोड करावी लागते.

दरवाजा अडकवून धरणारा स्ट्रायकर आधी काढून टाका. तो जागेवर असला की दरवाजा बंद होताना त्याच्यावर चढतो आणि लोंबलेला दरवाजाही सरळ असल्याचा भास होतो. रबरही काढा. दरवाजाचं वजन मात्र पूर्ण असू द्या: काच, तिची यंत्रणा, लॉक, हँडल सगळं आत. काच रंगानंतरच बसणार असेल तर तेवढ्या वजनाची वाळूची पिशवी दरवाजाच्या पोकळीत, काच जिथे बसते तिथेच ठेवा.

बिजागरीभोवती पेन्सिलनं रेघ मारा, म्हणजे किती हलवली ते कळेल. दरवाजाखाली जॅक, जॅकवर लाकडाची फळी, फळीवर जाड कापड. एका वेळी एकच बिजागरी सैल करा. दोन्ही एकदम सैल केल्या की दरवाजा कुठेही जातो आणि आधीची जागा हरवते.

मागचं टोक वर घ्यायचं असेल तर वरची बिजागरी पुढे सरकवा, किंवा खालची मागे. दोन्हींचा परिणाम सारखाच, पण वरची पुढे नेली तर सबंध दरवाजा जरा पुढे जातो आणि खालची मागे नेली तर जरा मागे. मागची फट कमी आहे की जास्त, ते बघून दोन्हींपैकी एक निवडा. मागच्या फटीबरोबर दरवाजावरची आडवी घडी आणि खिडकीखालची रेघसुद्धा बघा. फट सारखी आली पण घडी मागच्या पत्र्यावरच्या घडीच्या दोन मिलिमीटर खाली राहिली, तर काम झालेलं नाही. डोळा घडीच्या पातळीवर आणा, गाडीच्या मागच्या टोकापासून एक डोळा मिटून पुढे बघा; वाकडेपणा टेपपेक्षा आधी नजरेला सापडतो.

आता आत-बाहेर. बंद दरवाजा तीन जागी धरलेला असतो: वरची बिजागरी, खालची बिजागरी आणि स्ट्रायकर. त्यामुळे एक जागा हलवली की तिच्या समोरचा तिरका कोपरा उलट दिशेला जातो. मागचा खालचा कोपरा बाहेर राहत असेल तर वरची बिजागरी थोडी बाहेर घ्या. तो कोपरा आत जाईल. मागचा वरचा कोपरा बाहेर असेल तर खालची बिजागरी बाहेर. माझ्या त्या डाव्या दरवाजाचा दोष याच पद्धतीनं दहा मिनिटांत सुटला असता. मी तेव्हा कोपरा दाबत बसलो होतो. बिजागरी दरवाजाकडच्या बोल्टांवर आत-बाहेर होते की खांबाकडच्या, ते गाडीगणिक बदलतं. कोणत्या बोल्टांची भोकं मोठी किंवा लांबट आहेत ते बघितलं की कळतं.

बिजागऱ्या जागेवर आल्या, पुढची बाजू मडगार्डच्या रेषेत आली, तरीही एक कोपरा बाहेर राहिला तर दरवाजाच पिळलेला असू शकतो. जो कोपरा आधीच जागेवर आहे, तिथे खांब आणि दरवाजा यांच्यामध्ये कापडात गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा धरा आणि बाहेर राहिलेला कोपरा गुडघ्यानं सावकाश दाबा. थोडं दाबायचं, ठोकळा काढायचा, दरवाजा बंद करून बघायचं. एका दमात करायची ही गोष्ट नव्हे. काच चढवलेली असेल तर ती आधी खाली घ्या.

पातळीबद्दल एक नियम लक्षात ठेवा. फटीच्या मागच्या बाजूचा पत्रा पुढच्या पत्र्याच्या बरोबरीत, नाहीतर केसभर आत असावा. तो बाहेर राहिला की वारा त्याच्या कडेवर आदळतो आणि वेग वाढला की शिट्टी वाजते.

मग स्ट्रायकर परत लावा, बोल्ट हातानं आवळून. दरवाजा अगदी सावकाश बंद करा आणि शेवटच्या इंचात मागची कड बघत राहा. ती वर उचलली गेली किंवा खाली दाबली गेली तर स्ट्रायकरची उंची चुकली आहे. लॉकच्या जिभेला थोडं ग्रीस लावलं की ती नेमकी कुठे घासते त्याची खूण उमटते.

सगळ्यात शेवटी नवं रबर. गाडीत कायम राहणार तेच रबर आत्ता लावून बघायचं. नव्या रबरात अजून दम असतो, ते दरवाजाला बाहेर ढकलतं, आणि बाजारात नव्यानं बनवलेलं रबर पुष्कळदा मूळच्यापेक्षा जाड किंवा कडक निघतं. दरवाजा आणि रबर यांच्यात कागदाची पट्टी धरा, दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. चौकटीभर दर वीतभर अंतरावर हे करा. सगळीकडे सारखाच अडका लागला पाहिजे. कुठे पट्टी अलगद निसटते आणि कुठे फाटते, असं झालं तर रबराखालची कड वाकडी आहे. ती कड सरळ करा, रबर कापून जुळवू नका. रबर एकंदरच कडक असेल तर दरवाजा आठवडाभर बंद ठेवा आणि मग पुन्हा तपासा; तेवढ्यात ते बरंच बसतं.

मागे बिजागऱ्या असलेले जुने दरवाजे असतील तर सगळं तर्कशास्त्र हेच, फक्त पुढचं-मागचं उलट.

मडगार्ड

दरवाजे पक्के झाल्यावरच मडगार्ड. सगळे बोल्ट आधी नुसते अडकवा, एकही आवळू नका. मग दरवाजाच्या वरच्या कोपऱ्याजवळचा बोल्ट, त्यानंतर खालचा सिलजवळचा, आणि मग पुढे रेडिएटरच्या चौकटीकडे जा. दरवाजा आणि मडगार्डच्या फटीत ४ किंवा ५ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे तुकडे अडकवून ठेवले तर आवळताना फट आपोआप राखली जाते. दरवाजा उघडताना त्याची पुढची कड मडगार्डच्या आत वळते, म्हणून प्रत्येक बदलानंतर दरवाजा इंचाइंचानं उघडा आणि कड कुठे घासत नाही ना ते बघा.

दरवाजा-मडगार्डची फट वर जास्त आणि खाली कमी असेल तर मडगार्डचं पुढचं टोक वर उचलून बघा. पुढून उचललं की मडगार्डचा वरचा मागचा भाग दरवाजाकडे सरकतो. स्वतंत्र चेसिसच्या गाड्यांत यासाठी रेडिएटरच्या चौकटीखाली शिम घालायची सोय असते. बोल्टावरच्या मडगार्डमध्ये रबरी गोट असेल तर तो लावूनच जुळवा, कारण त्याचीही जाडी धरावी लागते.

नवे, बाजारात बनवलेले मडगार्ड घेतले असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवून प्रायमर मारू नका. बोल्टांची भोकं चुकलेली, कड लांब, गोलाई उथळ, हे सगळं बघायला मिळतं. मूळ मडगार्ड दुरुस्त होण्यासारखं असेल तर मी नेहमी तेच वापरतो. जुना पत्रा त्या गाडीवर एकदा बसलेला असतो.

बॉनेट

आधी एक सावधगिरी. पहिल्यांदा बंद करताना बॉनेटच्या लॉकची पिन काढून ठेवा. जुळवणी चुकलेली असताना लॉक लागलं तर बॉनेट उघडणं फार अवघड होऊन बसतं. मागच्या कोपऱ्यांवर आणि मडगार्डच्या कडांवर टेपचे दोन-तीन थर लावा, आणि दुसरा माणूस असल्याशिवाय हे काम करू नका.

मागे बिजागऱ्या असलेल्या बॉनेटचा क्रम असा: आधी मागची, काचेखालच्या पत्र्याशी असलेली फट, मग दोन्ही बाजूंच्या, आणि पुढची शेवटी. मागचे कोपरे वर राहत असतील तर बिजागरी खाली घ्या. पुढची उंची बिजागरीवर अवलंबून नसते. पुढे कोपऱ्यांखाली वर-खाली फिरवता येणारे रबरी ठोकळे असतात, त्यांनी ती ठरते. ठोकळे लावून बॉनेट दोन्ही मडगार्डच्या पातळीत आणा आणि त्यानंतर लॉकची पिन बसवा. पिननं बॉनेट खाली ओढून पातळी आणायची नाही. तसं केलं तर गाडी धावताना बॉनेट थरथरतं आणि कडेला रंग उडतो. दोन्ही बाजूंच्या फटी पुढे सारख्या आणि मागे वेगळ्या निघाल्या तर बॉनेटऐवजी मडगार्ड फाकलेले असू शकतात. दोन्ही मडगार्डमधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजून ते मूळच्या टेपवरच्या आकड्यांशी ताडून बघा.

महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचं बॉनेट मधोमध लांबलचक बिजागरी असलेलं आणि दोन्ही बाजूंनी उघडणारं असतं. ते पुढे रेडिएटरच्या खोळीवर आणि मागे काचेखालच्या कडेवर टेकतं. त्याला जुळवायचं म्हणजे रेडिएटरला जुळवायचं. रेडिएटरखालच्या शिमनं उंची बदलते, आणि रेडिएटरपासून मागच्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या नटांनी त्याचा कल आणि अंतर. बॉनेट दोन्ही बाजूंना वेगळं बसत असेल तर रेडिएटर डाव्या-उजव्या अंगाला कलला आहे का, ते आधी पाणसळीनं बघा. टेकण्याच्या कडांवर विणलेली पट्टी असते, ती नवी घालूनच मापं घ्या.

डिकी

दरवाजाचं सगळं इथे लागू पडतं, त्यामुळे फार सांगण्यासारखं नाही. फक्त डिकीचं रबर लांब आणि जाड असतं, म्हणून ते लावल्याशिवाय पातळी ठरवू नका. रबरामुळे डिकी वर राहत असेल तर बिजागरी आणि डिकीच्या मधल्या शिम बघा, आणि लॉक खूप खाली ओढून घट्ट करण्याचा मोह टाळा.

कडांचं काम

सरकवून जेवढं मिळतं तेवढं मिळाल्यावरच पत्र्याच्या कडांना हात लावायचा. जुन्या गाडीचा पत्रा बहुधा ०.८ ते १ मिलिमीटर जाड असतो आणि दरवाजाची कड म्हणजे बाहेरच्या पत्र्याची आत दुमडलेली घडी. फट अरुंद आहे म्हणून ती घडी ग्राइंडरनं घासली की पत्रा पातळ होतो, आणि थोडं जास्त घासलं तर घडीच उघडते आणि बाहेरचा पत्रा सुटतो. अर्धा मिलिमीटर घासायचं म्हणजे निम्मी जाडी गेली. त्यापेक्षा मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरा, लाकडी हातोडीनं कड हलकेच आत ठोका; बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

फट रुंद असेल तर कडेवर धातू चढवावा लागतो. लांबी भरून कड बनवू नका. लांबीची कड दरवाजा आपटला की उडते. वेल्डिंगची बारीक तार कडेला लावून एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग पुन्हा मधे, असं करत जा आणि प्रत्येक टाका हात लावता येईल इतका थंड होऊ द्या. सलग वेल्ड मारला तर उष्णतेनं पत्रा लाटेसारखा वाकतो आणि ती लाट काढायला आठवडा जातो. कड चढली की कानसानं आकार द्या आणि ड्रिल बिटच्या दांड्यानं मोजत राहा.

जुन्या गाड्यांच्या सांध्यांवर कारखान्यातच शिशाचं सोल्डर भरलेलं असतं. राखाडी, मऊ, नखानं ओरखडा उठेल असा धातू दिसला तर त्यावर ग्राइंडर किंवा सँडर चालवू नका. शिशाची धूळ विषारी असते. कानसानं काम करा, मास्क लावा, आणि खाली पडलेला भुगा ओल्या कापडानं उचला.

रंगासाठी जागाही आत्ताच सोडा. जाड प्रायमर आणि रंगाचे थर धरले तर प्रत्येक कडेवर पाव मिलिमीटर सहज चढतो. फट दोन कडांची, म्हणजे ती अर्ध्या मिलिमीटरनं कमी होते. रंगानंतर ४ हवी असेल तर आत्ता साडेचार ठेवा.

खुणा, रंग आणि परत जोडणी

सगळं जमलं की बोल्ट पूर्ण आवळा, गाडी चाकांवर थोडी ढकला, दरवाजे दहा-वीस वेळा उघडा-बंद करा आणि पुन्हा मोजा. आकडे हलले नाहीत तर प्रत्येक बिजागरीत, ती जिथे टेकते त्या पत्र्यासकट, ३ मिलिमीटरची दोन भोकं पाडा, एकमेकांपासून जितकी लांब पाडता येतील तितकी. मडगार्डला आणि बॉनेटच्या बिजागऱ्यांनाही तेच. रंगानंतर जोडताना त्या भोकांत ३ मिलिमीटरची पिन घातली की भाग नेमका जुन्या जागी येतो, मग बोल्ट आवळून पिन काढायची. बिजागरीखाली झाकली जाणारी ही भोकं बाहेरून दिसत नाहीत. पेन्सिलच्या रेघा रंगात जातात, भोकं राहतात. रंगाऱ्याला ती लांबीनं न भरण्याचं आधीच सांगून ठेवा.

रंगानंतर घाई करू नका. रंग वरून कोरडा लागला तरी आतून मऊ असतो आणि बिजागरीखाली दबतो. त्या रंगाच्या निर्मात्यानं सांगितलेला काळ पूर्ण जाऊ द्या. दरवाजाच्या आणि शेजारच्या पत्र्याच्या कडांवर टेप लावा. दरवाजा एकट्यानं बसवू नका: एकजण जॅक आणि फळी सांभाळतो, दुसरा पिना घालतो. पिना अडखळत असतील तर हातोडी वापरू नका, जॅक अर्धा मिलिमीटर वर-खाली करा, त्या आपसूक आत जातात.

गाडी रस्त्यावर आल्यावर काही शे किलोमीटरनंतर बॉडीच्या पॅडचे, बिजागऱ्यांचे आणि मडगार्डचे बोल्ट एकदा पान्यानं तपासा. नवं रबर आणि पॅड तोवर बसलेले असतात, आणि काही ठिकाणी पाव-अर्धा फेरा निघतोच. त्याच वेळी फटी पुन्हा मोजा आणि आकडे त्या जुन्या टेपवरच्या आकड्यांशेजारी एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे कधी दरवाजा जड लागायला लागला, तर नेमकं काय आणि किती सरकलं हे त्या कागदावरून लगेच कळेल.